‘खरा आहे ना?’ एवढंच विचारून थांबू नका: हिरे आणि रत्नं घेताना या चुका टाळा

‘खरा आहे ना?’ या प्रश्नाला दुकानात कधी ‘नाही’ असं उत्तर मिळालंय? आणि गंमत म्हणजे तो ‘हो’ बरेचदा खोटाही नसतो. प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा हा हिराच असतो. भेगांमध्ये काच भरलेलं माणिकसुद्धा निदान काही अंशी माणिक असतं. म्हणून प्रश्नच बदला. हा खडा नक्की कशाचा आहे, जमिनीतून निघालाय की प्रयोगशाळेतून, आणि त्याच्यावर कोणती प्रक्रिया केलीय? तिन्ही उत्तरं पावतीवर लिहून घ्या. फसवणूक बहुतेक वेळा उत्तरात नसते, न विचारलेल्या प्रश्नात असते.

नावावर जाऊ नका

अमेरिकन डायमंड म्हणजे क्युबिक झिर्कोनिया, त्यात हिऱ्याचा अंशही नाही. ‘हर्किमर डायमंड’ हा क्वार्ट्झ, म्हणजे स्फटिक. ‘गोल्डन टोपाझ’ या भारदस्त नावाखाली कित्येकदा साधा सिट्रिन, म्हणजे पिवळा क्वार्ट्झ निघतो. पुष्कराज घेताना प्रयोगशाळेच्या रिपोर्टवर ‘नॅचरल कोरंडम’ (माणिक-नीलम ज्याचे असतात ते खनिज) आणि ‘यलो सफायर’ हे शब्द आहेत का ते बघा, कारण नुसत्या पिवळ्या रंगाचे खडे पुष्कळ आहेत. रंगावरून राजेही फसलेत: ब्रिटिश राजमुकुटातला ‘ब्लॅक प्रिन्स रुबी’ हा माणिक नसून स्पिनेल नावाचं वेगळंच लाल रत्न आहे.

घरच्या घरी ‘टेस्ट’ करू नका

पाण्यात टाकला, बुडला, म्हणजे खरा? काचसुद्धा बुडते. काचेवर ओरखडा उठला तरी काही सिद्ध होत नाही, तो साधा क्वार्ट्झही उठवतो. खडा तापवून गार पाण्यात टाकायचा सल्ला तर सरळ कानाआड करा. चांगला खडा तडकेल आणि कळणार काहीच नाही.

दुकानातल्या पेनासारख्या टेस्टरवरही आंधळा विश्वास नको. तो खड्यातून उष्णता किती झपाट्याने वाहते ते मोजतो. झिर्कोनिया त्यात पकडला जातो, पण मॉइसनाइट हा हिऱ्यासारखा दिसणारा दुसराच खडा साध्या टेस्टरमधून हिरा म्हणून सुटू शकतो. मॉइसनाइट ओळखायला १० पट भिंगातून खडा जरा तिरका धरून बघा: मागच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात. हिऱ्यात त्या एकेरीच दिसतात. प्रयोगशाळेतला हिरा मात्र भिंगालाही दाद देत नाही. सीव्हीडी असो की एचपीएचटी (हिरा वाढवायच्या या दोन पद्धती), शेवटी तो कार्बनच. त्याचं मूळ ठरवायला प्रयोगशाळेतली उपकरणंच लागतात.

कॅरेटच्या आकड्याला भुलू नका

हिऱ्याचं कॅरेट म्हणजे वजन, १ कॅरेट बरोबर ०.२ ग्रॅम. सोन्याच्या शुद्धतेच्या कॅरेटशी त्याचा काही संबंध नाही. चांगल्या कटचा, म्हणजे पैलू नीट पाडलेला, १ कॅरेटचा गोल हिरा साधारण साडेसहा मिलिमीटर भरतो आणि २ कॅरेटचा जेमतेम सव्वाआठ. वजन दुप्पट झालं तरी रुंदी सव्वापटच! त्यातून हिरा खोल कापलेला असेल तर वजन तळाशी दडून राहतं आणि वरून तो लहानच दिसतो. म्हणून वजनाबरोबर मापही विचारा. दागिन्यावर ‘एकूण १ कॅरेट’ लिहिलेलं असेल तर ती बारीक हिऱ्यांची बेरीज असू शकते. तेवढ्याच वजनाच्या, तशाच प्रतीच्या एका हिऱ्याचा भाव त्याला लावू नका.

लोक क्लॅरिटीसाठी, म्हणजे हिरा आतून किती निर्दोष आहे यासाठी, जीव टाकतात. पण व्हीव्हीएस आणि व्हीएस या क्लॅरिटीच्या दोन वरच्या प्रतींतला फरक १० पट भिंगाखाली ठरतो, बोटात घातलेल्या अंगठीत तो कोणाला दिसणार? रंगाचंही तेच. डी (रंगहीन) ते झेड (पिवळसर) या पट्टीवरचा आय किंवा जे रंगाचा हिरा पिवळ्या सोन्यात छान खपून जातो. माझं मत विचाराल तर पैसे कटवर घाला, कारण हिऱ्याची चमक तिथूनच येते.

प्रक्रियेबद्दल विचारायला लाजू नका

रंगीत रत्नांत खरी मेख इथे आहे. नीलम तापवून रंग खुलवणं सर्रास चालतं आणि तो रंग टिकतोही. फक्त न तापवलेल्याचा भाव द्यायचा नाही. पाचूच्या बारीक भेगांत तेल किंवा रेझिन मुरवलेलं असतं, म्हणून रिपोर्टवर त्याचं प्रमाण बघा आणि असा खडा अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये स्वच्छ करायला देऊ नका. सर्वांत वाईट म्हणजे शिशाची काच भरलेलं माणिक. मोठं, लालभडक आणि संशय यावा इतकं स्वस्त. भिंगाखाली आत हवेचे बुडबुडे आणि खडा फिरवताना निळसर झाक दिसते. ती काच इतकी नाजूक असते की लिंबाच्या रसानेही खराब होते. सोनाराने दुरुस्तीसाठी आच लावली तर विचारूच नका.

कागद आहे म्हणून निर्धास्त होऊ नका

दुकानाने स्वतः छापलेलं कार्ड आणि जीआयए किंवा आयजीआयसारख्या स्वतंत्र प्रयोगशाळेचा रिपोर्ट यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. रिपोर्टचा क्रमांक त्या प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर स्वतः टाकून बघा आणि शेऱ्यांचा रकाना आधी वाचा, प्रक्रियेचा उल्लेख अनेकदा तिथेच असतो. हिऱ्याच्या कमरेवर, म्हणजे गर्डलवर, बहुतेक वेळा लेझरने तोच क्रमांक कोरलेला असतो. तो भिंगातून दाखवायला सांगा. आढेवेढे घेतले तर उठा. किंबर्ली प्रमाणपत्राचा हवाला दिला तर एवढं लक्षात ठेवा की २००३पासून सुरू असलेली ती व्यवस्था कच्च्या हिऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारासाठी आहे. तयार अंगठीतल्या हिऱ्याच्या दर्जाबद्दल ती काहीच सांगत नाही.

महागाचा खडा शक्यतो सुटाच घ्या. कोंदणात बसलेल्या खड्याचं वजन अंदाजानेच काढावं लागतं आणि कडेचा तडा पकडीखाली झाकला जातो. परत करायची मुदत लेखी घ्या आणि ती संपायच्या आत दुसऱ्या प्रयोगशाळेत तपासून, मगच कोंदणात बसवायला द्या. बसवून आल्यावर गर्डलवरचा क्रमांक पुन्हा एकदा जुळवा.