डॉसबॉक्समध्ये क्वेक चालतो, पण संगीत वाजत नाही: माझा अनुभव

डॉसबॉक्समध्ये (जुने डॉस गेम आजच्या संगणकावर चालवणारा प्रोग्राम) 1996चा क्वेक हा शूटिंग गेम सीडीच्या आयएसओवरून (सीडीतल्या डेटाची एका फाइलमधली प्रत) सुरू व्हायचा, बंदुकांचे आवाज यायचे, संगीत मात्र नाही. साउंड ब्लास्टर या साउंड कार्डाची सेटिंग बदलली, गेम पुन्हा इन्स्टॉल केला. अक्षरशः वैताग!

या सीडीवर ट्रॅक 1 डेटा, 2 ते 11 ऑडिओ. संगीत या ऑडिओ ट्रॅकमध्ये असतं, आणि आयएसओत फक्त डेटा उतरतो.

म्हणून इमगबर्न (ImgBurn) या सीडी कॉपी करणाऱ्या प्रोग्राममध्ये मूळ सीडी 'रीड' करून बिन (.bin, सीडीतला सगळा मजकूर) आणि क्यू (.cue, ट्रॅकची यादी) अशा दोन फाइल घेतल्या, एकाच फोल्डरमध्ये ठेवल्या. क्यू नोटपॅडमध्ये उघडून 'FILE' ओळीतलं बिनचं नाव तंतोतंत जुळतंय ना ते पाहिलं (बिनचं नाव बदललं असेल तर इथेही बदला). मग गेम सुरू करण्याआधी डॉसबॉक्समध्ये 'imgmount' या सीडी जोडणाऱ्या कमांडला बिनचा नव्हे, क्यूचा पाथ दिला. ड्राइव्ह डी, '-t iso' (क्यू फाइल असली तरी इथे प्रकार हाच लिहायचा). ट्रेंट रेझनरचं संगीत लगेच वाजलं.