सेमिनरीत राहून शिकावं की घरी बसून? ठरवण्याआधी एवढं करा

दरवर्षी मे-जूनमध्ये आमच्या चर्चच्या मंडळीतला एखादा पोरगा उपासना सुटल्यावर चपला घालता घालता मला गाठतो. "काका, सलाम. देवविद्या शिकायचीय. पण आता ऑनलाइनही होतं म्हणे?" मलाच विचारतात, कारण मी दोन्ही केलंय. बाविसाव्या वर्षी पुण्यात एका सेमिनरीच्या, म्हणजे ख्रिस्ती देवविद्या शिकवून पाळक (चर्चचे धर्मसेवक) घडवणाऱ्या संस्थेच्या, वसतिगृहात राहिलो. चौदाव्या महिन्यात वडिलांना अर्धांगवायू झाला आणि गाशा गुंडाळून श्रीरामपूरला परत आलो. पुढे एसटीत लागलो. मग एक्केचाळिसाव्या वर्षी डेपोची ड्युटी सांभाळून बी.सी.एस.ला (बॅचलर ऑफ ख्रिश्चन स्टडीज) बसलो. ही बंगालमधल्या सेरामपूर कॉलेजची बाहेरून करायची पदवी. साडेचार वर्षं लागली. मधलं एक वर्ष नुसतं वाया गेलं, त्याचं कारण पुढे सांगतो.

पहिलं काम मोबाइल खिशात ठेवण्याचं. जाहिरात नंतर बघा, आधी पाळकसाहेबांकडे जा आणि सरळ विचारा, "मला दीक्षा घेऊन पाळक व्हायचं असेल तर आपल्या डायोसिसला (धर्मप्रांताला) कोणती पदवी चालते? घरून केलेली चालते का?" उत्तर तोंडी मिळालं तर तेवढ्यावर थांबू नका, डायोसिसच्या कार्यालयात अर्ज देऊन लेखी घ्या. माझ्या ओळखीतल्या एका शिक्षकाने तीन वर्षं इमानेइतबारे एक ऑनलाइन कोर्स केला, फी भरली, प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीला लावलं. मुलाखतीला गेल्यावर त्याला कळलं की दीक्षेसाठी राहून केलेली बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) लागते. कोर्सवाल्यांनी खोटं काही सांगितलं नव्हतं, यानेच विचारलं नव्हतं.

कॅथलिक असाल आणि धर्मगुरू व्हायचं असेल तर हा प्रश्नच उरत नाही, वर्षानुवर्षं सेमिनरीत राहावंच लागतं. आणि शब्बाथशाळा (मुलांची रविवारची शाळा), तरुण संघ, गावातल्या प्रार्थनासभा एवढंच करायचं असेल, नोकरी सोडायची नसेल, तर घरून शिकण्यात कमीपणा काहीच नाही.

दुसरं, कागद कुणाचा ते बघा. इथे भलेभले फसतात. सेरामपूर कॉलेज १८१८चं. १८२७ साली डेन्मार्कच्या राजाने त्याला पदव्या देण्याची सनद दिली, कारण हुगळीकाठचं ते गाव तेव्हा डेनिश लोकांच्या ताब्यात होतं. (तिथल्याच विल्यम कॅरी या मिशनऱ्याने १८०५ साली मराठीचं व्याकरण छापलं, म्हणजे आपलं त्या गावाशी नातं तसं जुनं आहे.) आज देशभरच्या कित्येक सेमिनऱ्या या सेरामपूरच्या सिनेटशी जोडलेल्या आहेत आणि त्यांच्या पदवीला बहुतेक मंडळ्यांत वजन आहे. पण मंडळीत वजन असणं वेगळं आणि सरकारी नोकरीला किंवा बी.एड.च्या प्रवेशाला चालणं वेगळं. पुढे शाळेत लागायचं मनात असेल तर तिथेही आधी विचारून घ्या. कोर्सच्या पानावर नुसतं 'आंतरराष्ट्रीय मान्यता' लिहिलेलं असलं आणि मान्यता देणाऱ्याचं नाव नसलं, तर ते पान तिथेच बंद करा.

काही पोरं 'ख्रिश्चन कॉलेज' म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात देवविद्या नसतेच, बी.ए. किंवा बी.कॉम. असतं. मुंबईचं विल्सन १८३२चं, झेवियर्स १८६९चं, आमच्या नगरचं अहमदनगर कॉलेज १९४७चं. इथे संस्था ख्रिस्ती, पण शिकायचं तेच जे बाकीचे शिकतात. अल्पसंख्याक कोट्याची चौकशी करा आणि त्यासाठी बाप्तिस्म्याचा दाखला आधीच काढून ठेवा, ऐन वेळी मंडळीचं रजिस्टर सापडत नाही. असली पदवी ऑनलाइन करायची असेल तर यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) दूरशिक्षण विभागाच्या यादीत त्या विद्यापीठाचं आणि त्याच कोर्सचं नाव त्या वर्षासाठी आहे का ते बघा. कॉलेज जुनं आणि नावाजलेलं आहे म्हणून कोर्स यादीत असेलच असं नाही. यादीतली ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरतात, तसं यूजीसीने २०२२ साली स्पष्ट केलंय. नर्सिंग मात्र ऑनलाइन होत नाही. कुणी करून देतो म्हणालं तर पैसे देऊ नका. आमच्याकडे निम्म्या घरांतल्या मुली नर्सिंगला जातात म्हणून मुद्दाम लिहिलं.

आता मूळ प्रश्न. कुठे बसून काय शिकता येतं?

मंडळीचा इतिहास, बायबलच्या जुन्या-नव्या कराराची ओळख, नीतिशास्त्र, निबंध लिहिणं हे मी घरी शिकलो, आणि बाविसाव्या वर्षापेक्षा चांगलं शिकलो. संसाराचे टक्केटोणपे खाल्ल्यावर बायबलमधलं ईयोबाचं, म्हणजे दुःख सोसणाऱ्या माणसाचं, पुस्तक वाचलं की ते वेगळंच कळतं. इब्री (हिब्रू भाषा) मात्र घरून जड जातं. इब्रीत अक्षराखाली एक आडवी रेघ असते, ती पतह. त्याच रेघेला खाली बारीकसा देठ फुटला की झालं कामेत्स. बेथ अक्षराच्या पोटात टिंब असलं तर उच्चार 'ब', नसलं तर 'व'. हे सगळं पाच इंची मोबाइलवर, डेपोच्या ट्यूबलाइटखाली, चाळिशी लागलेल्या डोळ्यांनी बघा. मला तो देठ दिसायचाच नाही. शेवटी बाजारतळावरच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रत्येक धडा दीडपट मोठा करून आणायचो. तो विचारायचा, "काका, हे उलटं तर नाही ना छापलं?" पुण्यात हेच आम्ही सकाळी फळ्यासमोर घोकायचो, आणि शेजारचा चुकला की आपलीही चूक दुरुस्त व्हायची.

दुसरी गोष्ट उपदेशाची. पुण्याच्या चॅपलमध्ये आमचे सर शेवटच्या बाकावर रुमाल घेऊन बसत. आवाज पोचला नाही की रुमाल वर, वाक्य लांबलं की रुमाल वर. माझ्या पहिल्या उपदेशात तो रुमाल खाली आलाच नाही. कॅमेऱ्यासमोर दहा मिनिटांचा उपदेश रेकॉर्ड करून पाठवताना तुम्हाला मागचा बाक नसतो, रडणारं पोर नसतं, मधेच उठून जाणारे आजोबाही नसतात.

तिसरी मेस. हसू नका. नागालँडचा, केरळचा आणि विदर्भातला असे तिघे आणि मी एका खोलीत राहिलो की भाताच्या प्रकारावरून भांडणं होतात आणि रात्री प्रार्थनेला गुडघे तर एकत्रच टेकावे लागतात. पुढे मंडळीच्या पंचांची बैठक सांभाळताना जे लागतं ते मी तिथे शिकलो.

म्हणून माझं मत साफ आहे. वय पंचविशीच्या आत, लग्न झालेलं नाही, घर तुमच्या पगारावर चालत नाही, आणि पाळकपणाच करायचाय, तर राहायला जा. पुण्यात बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे, मूळची यवतमाळची, १९८३ साली पुण्यात आली. आपल्या घरापासून तशी लांब नाही. पैशाचं डायोसिसशी बोला. शिफारस करून पाठवतात तेव्हा खर्चाला हातभारही लावतात, पण बदल्यात किती वर्षं कुठे सेवा करायची ते सही करण्याआधी वाचा. तिशी ओलांडली असेल, घरात पोरं असतील, तर घरून करा. पण एकट्याने करू नका.

ते एकट्याने करणंच माझ्या वाया गेलेल्या वर्षाचं कारण. पुस्तकं टेबलावर, व्हिडिओ मोबाइलमध्ये, आणि मी रोज म्हणायचो, उद्या बसू. रेंज होती, वेळही काढता आला असता. पण मी नाही बसलो तर जगात कुणाचं काही अडत नव्हतं. घरून देवविद्या शिकवण्याची पद्धत ज्यांनी काढली त्यांना हे ठाऊक होतं. १९६३ साली ग्वाटेमालात तिथल्या प्रेस्बिटेरियन सेमिनरीने ती सुरू केली, कारण शिकायला राजधानीत आलेली खेड्यातली पोरं परत खेड्यात जाईनात. धडे घरी करायचे, पण ठरलेल्या दिवशी शिक्षकासमोर सगळ्यांनी जमायचं, ही त्यातली मेख. आपल्याकडे बंगळुरूच्या टॅफ्टी या घरून देवविद्या शिकवणाऱ्या संस्थेने हीच रीत चालवली. तेव्हा कोर्स निवडताना पहिला प्रश्न हाच विचारा की आठवड्याला समोरासमोर किंवा निदान थेट वर्ग आहे का, आणि गैरहजर राहिलो तर कोण फोन करतं? कुणीच करत नसेल तर गट तुम्ही उभा करा. आमचा गुरुवारचा होता. एक निवृत्त सिस्टर (दवाखान्यातल्या), त्यांच्याच घरी आम्ही चौघं, साडेआठ ते दहा. मी उशिरा पोचलो की सिस्टर काही बोलायच्या नाहीत, माझ्या चहावर बशी झाकून ठेवलेली असायची. त्या बशीच्या लाजेने मी पदवी पुरी केली.

खर्च मांडताना फीपाशी थांबू नका. छपाई, परीक्षा केंद्रापर्यंतचा प्रवास, त्या दिवसांच्या बिनपगारी रजा, सगळं एका कागदावर लिहा आणि तो कागद बायकोला किंवा नवऱ्याला दाखवा. साडेचार वर्षं गुरुवारचा स्वयंपाक कुणी उरकायचा, हाही त्याच हिशेबातला खर्च आहे.

फॉर्म भरण्याआधी दोन गोष्टी करून बघा. सेमिनरीला पत्र टाकून दोन दिवस राहण्याची परवानगी मागा, मेसमध्ये जेवा, ग्रंथालयात तासभर बसा, मुलांना एकटं गाठून विचारा की पाणी किती वेळ येतं. आणि ऑनलाइनवाल्यांकडे एक नमुना धडा मागा. तो रविवारी दुपारी निवांत बघू नका, ड्युटी करून आल्यावर, जेवण झाल्यावर, ज्या वेळी रोज बघावा लागेल त्याच वेळी बघा. मी नऊ वाजता पहिला धडा लावला होता, आणि साडेनऊला बायकोने माझ्या छातीवरचा मोबाइल उचलून चार्जिंगला लावला.