पाण्याचा ताळेबंद मांडताय? आधी बैठकीला कोण नाही ते बघा

पाऊस संपला आणि रब्बीची पेरणी तोंडावर आली की गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडायचा, तेच दिवस बरोबर. आकडेमोड सोपी आहे, १ हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १० हजार लिटर, म्हणजे १००० हेक्टर शिवारावर ४०० मिलिमीटर पडला तर ४०० कोटी लिटर, त्यातलं बरंचसं उडून जातं, काही ओढ्यानं वाहून जातं, उरलेल्यात माणसं, जनावरं आणि पिकं बसवायची. पण मी जेवढ्या गावांत या कामाला बसलोय तिथं गाडी आकड्यांवर कधीच अडली नाही, अडली ती माणसांवर.

म्हणून पहिल्यांदा यादी करा. बागायतदार, कोरडवाहूवाले, भूमिहीन मजूर, शेळ्या-मेंढ्यावाले, लांबच्या वस्तीवरची घरं, पाणी भरणाऱ्या बायका. कोरमवर विसंबू नका. ग्रामसभेला १५ टक्के मतदार किंवा १०० यातली जी संख्या कमी ती लागते, म्हणजे २००० मतदारांच्या गावात १०० जण आले की कागद पूर्ण, आणि ते १०० एकाच आळीतले असले तरी चालतं!

जागा पण विचार करून ठरवा. सरपंचांच्या ओट्यावर विरोधी पार्टीचे लोक येत नाहीत, देवळात काही जण आजही संकोचून बाहेरच थांबतात, शाळेचं मैदान बरं.

बायकांची सभा आधी आणि वेगळी घ्या, कायद्यात तशी तरतूद आहेच, पण बऱ्याच ठिकाणी रजिस्टर घरोघर फिरवून सह्या घेतात, तसं करू नका. मजुरीवरून येऊन स्वयंपाक उरकल्यावर कधी जमेल ते त्यांनाच विचारा. एका गावात आमच्या कागदावर पिण्याचं पाणी मे पर्यंत पुरत होतं, बायका म्हणाल्या हापसा फेब्रुवारीतच हवा ओढायला लागतो, कारण त्याच्या वरच्या अंगाला उसाच्या दोन बोअर चालू असतात. ही गोष्ट पुरुषांच्या बैठकीत कुणीच बोललं नव्हतं, कारण बोअरवाले समोरच बसलेले.

आता बोअरवाले. त्यांना व्हिलन करू नका, प्लीज. त्यानं कर्ज काढून बोअर घेतलेली असते, चार कोरड्या गेल्यावर पाचवीला पाणी लागलेलं असतं, आणि भर सभेत पहिल्यांदाच "ऊस बंद" ऐकलं तर तो उठून जाणारच, शिवाय निम्मी भावकी घेऊन जाणार. आधी त्याच्या घरी जा, किती एकर कमी करता येईल, ठिबक घेता येईल का, हरभरा-ज्वारीवर येता येईल का, हे तिथं बोला.

भूमिहीन माणूस विचारतो, मला यातून काय? प्रश्न रास्त आहे. पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखेंनी १९७० च्या दशकात पाणी पंचायत सुरू केली तेव्हा पाणी जमिनीवर नाही तर माणशी वाटलं, माणशी अर्ध्या एकरापुरतं आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनांनाही हक्क, आणि ऊस नाही. सगळीकडे हे जसंच्या तसं जमेल असं नाही, पण मजुराच्या वाट्याला काहीतरी ठरवल्याशिवाय त्याला श्रमदानाला बोलावू नका. शेळीवाल्यांचंही तेच. हिवरे बाजारला चराईबंदी केली पण गवत कापून न्यायची मुभा ठेवली, आपल्याकडे नुसती बंदी होते आणि ज्याची दहा शेळ्यांवर चूल पेटते त्याला कोणी विचारत नाही.

मतदान टाळा. ६० हात वर झाले तरी उरलेले ४० जण रात्री मोटर चालू करू शकतात. गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) गाव निर्णय सर्वसहमतीनं घेतं, वेळ लागतो, चार-चार बैठका होतात, होऊ द्या. तोवर प्रत्येक गटातली दोन-दोन पोरं घेऊन विहिरींची पातळी टेपनं मोजायला लावा, ऑफिसातून आलेल्या आकड्यावर लोक भांडतात, स्वतः मोजलेल्यावर कमी.

ठरलेलं शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा, कुणी किती एकर काय पेरायचं ते सुद्धा. जानेवारीत परत सगळ्यांसमोर विहिरी मोजा, आणि सुरुवात ज्यांनी ऊस कमी केलाय त्यांच्या विहिरीपासून करा.