डायरीतली कोरी पानं

डायरीच्या रूपातली कथा लिहिताना रोजची नोंद भरत बसू नका. तिसऱ्या पानावरच वाचक जांभया देतो. मधल्या काही तारखा गाळा. समजा, हर्णैच्या कोळीवाड्यातली एक सून लिहितेय. पावसाळी मासेमारीबंदी ३१ जुलैला संपली. १ ऑगस्टची नोंद: 'हे पहाटेच बोटीवर गेले. डब्यात भाकरी न् सुकटीची चटणी.' पुढची नोंद थेट ६ ऑगस्टची: 'आज चूल पेटवली.' मधल्या चार दिवसांत काय झालं, ते वाचक स्वतःच शोधू लागतो. लगेच खुलासा करू नका. आणि 'तेव्हा मला कुठे ठाऊक होतं' हे वाक्य तर नकोच, लिहिणारीला उद्याचं माहीत नसतं. सासूचं वय, नवऱ्याचं पूर्ण नावही गाळा. स्वतःच्या वहीत कोण लिहितं हो ते?