स्टेन्सिलखाली शाई पसरते? भेटकार्डं करताना या चुका टाळा

दिवाळीचं कार्ड करायला घेतलं, आकाशकंदिलाची स्टेन्सिल नीट बसवली, रंग भरला, आणि स्टेन्सिल उचलल्यावर कंदिलाच्या सगळ्या कडा फुटलेल्या दिसल्या. अशा वेळी बहुतेक जण स्टेन्सिलला दोष देतात आणि महागातली दुसरी आणतात. खरा दोष जवळजवळ नेहमी जास्तीच्या शाईचा असतो. स्टेन्सिल आणि कागद यांच्यात बारीकशी फट राहतेच. शाई भरपूर असली की केशाकर्षणाने ती त्या फटीत ओढली जाते. वरून कितीही दाबा, ती आत शिरणारच.

म्हणून ब्रश किंवा स्पंज शाईच्या पॅडवर टेकवल्यावर थेट कार्डाकडे जाऊ नका. आधी रद्दी कागदावर तो फिरवा आणि जवळजवळ कोरडा वाटेपर्यंत थांबा. मग स्टेन्सिलच्या प्लास्टिकवरच सुरुवात करून गोल गोल फिरवत हलक्या हाताने नक्षीत या. पहिल्या हाताला रंग अगदी फिकट दिसेल, तो तसाच दिसायला हवा. गडद रंग पातळ थरांवर थर देऊनच येतो. एकदाच शाई भरून मोकळं होण्याची घाई केली की डाग पडतात, आणि कागदात मुरलेला डाग निघत नाही.

शाई कोणती, हेही महत्त्वाचं. घरात रबरी शिक्क्याचं पॅड असतं, तेच वापरायचा मोह होतो. त्या शाईत ग्लिसरीनसारखा पदार्थ असतो, कारण पॅड वाळू नये हाच तिचा हेतू. गुळगुळीत कार्डावर ती तासन् तास ओली राहते. कार्डांसाठी मिळणाऱ्या डाय शाईचा रंग कागदात मुरतो आणि लवकर वाळतो. पिगमेंट शाई पृष्ठभागावर बसते, रंग दाट येतो, पण वाळायला वेळ घेते. नवख्यांनी डाय शाईनेच सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे. राखीची कार्डं तर ऐन पावसाळ्यात होतात. मुंबई-कोकणच्या दमट हवेत वाळायला दुप्पट वेळ धरा आणि ओली कार्डं एकावर एक रचू नका.

कागद २५० ते ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाचा, जाडसर), चकाकी नसलेला घ्या. साधा झेरॉक्सचा कागद ओलाव्याने फुगतो आणि चोळल्यावर त्याचे तंतू उठतात. स्टेन्सिल मास्किंग टेपने चिकटवा, पण टेप आधी एकदा कपड्यावर लावून काढा, म्हणजे चिकटपणा कमी होतो आणि कार्डाची साल निघत नाही.

‘शुभ दीपावली’ची स्टेन्सिल स्वतः कापणार असाल तर देवनागरीची एक अडचण लक्षात ठेवा. ‘प’ आणि ‘व’ यांच्या पोटातला बंद भाग कापताच गळून पडतो, त्यामुळे त्याला बाहेरच्या भागाशी जोडणारी बारीक पट्टी सोडावीच लागते. सलग शिरोरेषा कापली की स्टेन्सिलला लांबच लांब चीर पडते, खालची अक्षरं लोंबतात आणि शाई त्यांच्याखाली जाते. प्रत्येक अक्षरानंतर शिरोरेषा एक-दोन मिलिमीटर तोडा. वाचताना ती तूट खटकत नाही. कापायला ओएचपी शीट, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकची शीट, उत्तम. वळणावर कटर नव्हे, शीट फिरवा.

रंग मिसळताना पिवळा, केशरी, राणी असा शेजारचा क्रम ठेवा, फिकटापासून गडदाकडे. पिवळ्यावर जांभळा किंवा लालावर हिरवा चढवला की मातकट छटा येते.

पुढचं कार्ड करण्यापूर्वी स्टेन्सिलची मागची बाजू पुसा. तिथे राहिलेली शाईच नव्या कार्डाला ठसे देते.

तरी कड फुटलीच तर कार्ड फेकू नका. काळ्या बारीक पेनने बाह्यरेषा ओढा, पांढऱ्या जेल पेनने पसरलेला भाग झाका, किंवा नक्षी कापून दुसऱ्या कार्डावर चिकटवा. शेवटचा उपाय मला सर्वांत आवडतो, कारण कंदील किंचित उठावदार दिसतो. पोस्टाने पाठवणार असाल तर पाकिटात नक्षीवर एक कोरा कागद ठेवा, नाहीतर प्रवासात घासून रंग समोरच्या पानावर उतरतो.