व्यापार कराराचा फेरआढावा : गोव्यातील कपडे निर्यातदाराने काय तपासावे

व्यापार कराराचा फेरआढावा सुरू झाल्याची बातमी आली की बहुतेकांची नजर शुल्काच्या टक्केवारीकडे जाते. परंतु तयार कपड्यांच्या धंद्यात खरी मेख उत्पत्तीच्या नियमांत असते, म्हणजे कोठले सूत वा कापड वापरल्यास माल सवलतीस पात्र ठरतो, या अटीत.

म्हापसा किंवा वेर्णे येथे बीचवेअर शिवून परदेशी पाठवणाऱ्या उद्योजकाने प्रथम मालाचा एचएस कोड, म्हणजे जगभर वापरला जाणारा वस्तूंच्या वर्गीकरणाचा क्रमांक, निश्चित करावा. होजिअरीचा टी-शर्ट ६१०९ मध्ये मोडतो, तर मागावर विणलेल्या कापडाचा पुरुषांचा शर्ट ६२०५ मध्ये. येथे गफलत झाल्यास पुढचे सारे वाचन व्यर्थ जाते. मग ग्राहक देशाच्या शुल्कसूचीत त्या कोडला सवलत आहे की तो वगळलेल्या यादीत आहे, हे पाहावे.

त्यानंतर हिशेब करावा. १ जानेवारी २०१० पासून लागू झालेल्या आणि पुढे फेरआढाव्यासाठी घेतलेल्या भारत–आसियान (आग्नेय आशियाई देशांचा गट) वस्तुव्यापार कराराच्या मूळ सर्वसाधारण नियमानुसार एफओबी किमतीच्या, म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंतच्या किमतीच्या, किमान ३५ टक्के मूल्यवृद्धी लागते, शिवाय तयार मालाचा सहा अंकी कोड आयात कच्च्या मालाच्या कोडहून वेगळा असावा लागतो. समजा, शर्टाची एफओबी किंमत ५०० रुपये असून त्यातील कराराबाहेरचे चिनी कापड ३०० रुपयांचे आहे, तर ते वजा जाता उरलेले २०० रुपये म्हणजे मूल्यवृद्धी ४० टक्के भरते. तेच कापड ३४० रुपयांवर गेले की ती ३२ टक्क्यांवर घसरते आणि सवलत हातची जाते. म्हणून फेरआढाव्यात ही मर्यादा वा मोजण्याची रीत बदलते का, याची चौकशी सर्वप्रथम करावी.

आसियानमधून कापड आयात करणाऱ्यांना २१ सप्टेंबर २०२० पासून कॅरोटार नियमही, म्हणजे करारांखालील आयात मालाची उत्पत्ती तपासण्याचे भारतीय सीमाशुल्क नियम, लागू आहेत. केवळ उत्पत्ती प्रमाणपत्र दाखवून भागत नाही, उत्पत्तीची माहिती पाच वर्षे जपून ठेवावी लागते.

भारत सहभागी नसलेल्या करारांकडेही लक्ष असावे. अमेरिका, मेक्सिको व कॅनडा यांच्या करारात १ जुलै २०२६ ही संयुक्त आढाव्याची तारीख घातलेली आहे. तेथे सुतापासून पुढचे काम याच तीन देशांत व्हावे हा सर्वसाधारण दंडक असून शिलाईचा धागा, इलॅस्टिक व खिशाचे अस्तर यांनाही अटी आहेत. या अटी बदलल्या तर अमेरिकी खरेदीदाराचा भारतीय मालाविषयीचा हिशेबही बदलू शकतो.

अपेक्षित बदलाविषयी एईपीसीकडे, म्हणजे तयार कपड्यांच्या निर्यात प्रोत्साहन परिषदेकडे, म्हणणे मांडताना एचएस कोड व खर्चाचा तक्ता सोबत जोडावा. नुसते ‘शुल्क कमी करा’ एवढेच लिहिलेल्या पत्रातून वाटाघाटी करणाऱ्यांच्या हाती काहीच लागत नाही.