रविवारचं मटण घेताना दुकान कसं ओळखायचं
आधी एक गोष्ट, ८ च्या आत पोचा, नंतर मांडीचं काही उरत नाही आणि मग भाऊ गोड बोलून नुसती हाडं देतो. टांगलेल्या बोकडावर पालिकेचा शिक्का आहे का बघा. हा माल बहुतेक देवनारचा, तिथला कत्तलखाना १९७१ चा, त्याआधी वांद्र्याला होता, देवनारला डॉक्टर जनावर कापायच्या आधी आणि नंतरही तपासतात. शिक्का नाही तर सरळ पुढच्या दुकानात.

मग ओंडका बघा. जुन्या खाटकाचा ओंडका मधे वाटीसारखा खोल झालेला असतो, सुरा पडून पडून. लालबाग-परळला असे ओंडके दिसले तर थोडं थांबा, गिरणीवाल्यांच्या खानावळींना इथूनच मटण जायचं, १९८२ च्या संपानंतर ते गिऱ्हाईक गेलं.

वेळ असेल तर क्रॉफर्ड मार्केट, १८६९ चं, बाहेरची दगडी शिल्पं लॉकवुड किपलिंगची, आणि हो, मान वर करून बघताना पाकीट सांभाळा.

रश्शाला खांदा-छाती मिक्स घ्या, नळी आधीच मागून ठेवा. कलेजी फडक्यासारखी लिबलिबीत लागली तर नको.